पावसात ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) परत परत बुरशी येते, फॉगिंग करूनही थांबत नाही: आधी पाणी कुठून येतंय ते शोधा

मिरग लागून दोन-तीन आठवडे झाले की फोन सुरू होतात. कधी फोंड्यातून, कधी म्हापशातून, कधी मडगावातून. कुठल्यातरी नर्सिंग होमची ओटी इनचार्ज असते नाहीतर माझ्यासारखीच इन्फेक्शन कंट्रोल बघणारी सिस्टर, आणि तक्रार एकच. तपासणीच्या कल्चर प्लेट्स लावल्या, फंगल ग्रोथ म्हणजे बुरशीची वाढ आली, ॲस्परजिलस म्हणा पेनिसिलियम म्हणा, ओटी बंद ठेवून फॉगिंग केलं म्हणजे जंतुनाशकाचं धुकं सोडलं, पुढचा रिपोर्ट क्लिअर आला, सगळ्यांना हायसं वाटलं आणि पंधरा दिवसांनी परत ग्रोथ. मग डबल फॉगिंग, मग केमिकल बदललं, मग मावशी नीट पुसत नाहीत म्हणून मावशींना ओरडा, आणि हे असं चवथीपर्यंत चालतं, कधी त्याच्याही पुढे. पाऊस गेला की आपोआप थांबतं, सगळे विसरतात, पुढच्या जूनला पुन्हा पहिल्यापासून.

पाऊस गेला की आपोआप थांबतं, यातच उत्तर आहे. मावशी त्याच, केमिकल तेच, सर्जन तेच, बदललं ते फक्त हवेतलं पाणी. बुरशीचे स्पोअर म्हणजे बीजकण गोव्यात कुठं नाहीत, माडाच्या चुडतात आहेत, पालापाचोळ्यात आहेत, आपल्या चपलेला आहेत, पण ते ओटीत वाढतात ते तिथं ओल मिळते म्हणून. फॉगिंग त्या दिवशी उघड्यावर जे आहे ते मारतं. सीलिंगच्या मागे, डक्टच्या (हवेच्या नळाच्या) इन्सुलेशनमध्ये, एएचयूच्या (हवा थंड करून ओटीत सोडणाऱ्या यंत्राच्या) ट्रेमधल्या चिकट थरात जे बसलंय तिथं ते पोचतच नाही, आणि ओल तर जशीच्या तशी राहते. म्हणून परत परत येत असेल तर केमिकलचा डबा बाजूला ठेवा आणि पाणी शोधा. हे मी अगदी कळकळीने सांगतेय कारण मोतीबिंदूच्या डोळ्यात फंगस गेला तर तो डोळा वाचवायला किती त्रास होतो ते ज्याने बघितलंय त्याला हा विषय नुसता रिपोर्टचा वाटत नाही.

आधी किती पाणी आहे ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं पटेल. एनएबीएच या हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या ओटी एसीच्या गाईडलाईन्स सांगतात की तापमान २१ अंश, तीन अंश इकडे-तिकडे, आर्द्रता २० ते ६० टक्के, तासाला कमीत कमी २० एअर चेंज (खोलीभर हवा तितक्या वेळा बदलणं) आणि त्यातले ४ बाहेरच्या ताज्या हवेचे. आता २० फूट बाय २० फूट आणि १० फूट उंचीची ओटी धरा. ताशी ४ एअर चेंज म्हणजे १६,००० घनफूट बाहेरची हवा दर तासाला आत येणार. जुलैत बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असते तेव्हा त्या हवेच्या एका किलोत साधारण २० ग्रॅम पाणी असतं, आणि आपल्याला २१ अंशाला ६० टक्के पाहिजे म्हणजे ९ ग्रॅमच्या आसपास. मधलं सगळं पाणी कॉइलवर, म्हणजे एएचयूतल्या थंड नळ्यांवर, निथळून बाहेर पडलं पाहिजे. हिशोब करा, तासाला साडेपाच-सहा लिटर होतं, एका ओटीचं! म्हणजे पावसात एएचयूच्या ड्रेन पाइपमधून पाण्याची धार सतत यायलाच पाहिजे. ती येत नसेल तर पाणी एकतर खोलीत जातंय नाहीतर एएचयूच्या पोटात साचतंय. गच्चीवर जाऊन तो पाइप बघणं ही माझ्या मते पहिली तपासणी, फुकट आहे आणि दोन मिनिटांची आहे.

मीटर खरं बोलतो का

भिंतीवरचा आर्द्रता दाखवणारा गोल काट्याचा हायग्रोमीटर असतो ना, तो लावल्या दिवसापासून कुणी तपासलेला नसतो. आणि रजिस्टर उघडलं तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ ५५, ५५, ५५. गोव्याच्या पावसात एकही दिवस ५५ च्या वर न जाणारी ओटी असू शकते, पण मग प्लेटवर फंगस का येतो हा प्रश्न उरतो. ज्या मुलीने लिहिलंय तिला रागावू नका, तिला कुणी सांगितलेलंच नसतं की हा आकडा कशासाठी लिहायचा आणि ६० च्या वर गेला तर कुणाला फोन करायचा.

मीटर तपासायची साधी पद्धत: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, पूर्ण विरघळवायचं नाही, आणि मीटरसकट घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी मीटरने ७५ टक्के दाखवलं पाहिजे. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा नेहमीच्या तापमानाला ७५ वरच स्थिर होते. ७० दाखवला तर मीटर पाचने कमी दाखवतोय, म्हणजे तुमचे रजिस्टरमधले ५५ खरे ६० होते. फक्त मिठागरातलं जाडं मीठ वापरू नका, त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि आकडा खाली जातो, पॅकेटमधलं बारीक मीठ घ्या. अर्थात ऑडिटला हे चालणार नाही, तिथं कॅलिब्रेशन सर्टिफिकेटच लागतं, पण आज दुपारी आपल्याला सत्य कळायला हे पुरतं.

त्यानंतर एक डेटा लॉगर घ्या, तापमान आणि आर्द्रता दर दहा मिनिटांनी लिहून ठेवणारा. तो टेबलाच्या उंचीवर पण डिफ्युझरच्या (हवा आत सोडणाऱ्या जाळीच्या) थेट झोतात नाही असा आठवडाभर ठेवा, शनिवार-रविवार धरून. शेजारी एका कागदावर कुणीतरी लिहीत राहा की एएचयू कधी चालू-बंद झाला, लाईट कधी गेली, केस कधी सुरू झाली, मॉपिंग कधी झालं, फॉगिंग कधी झालं. मग ग्राफ आणि कागद समोरासमोर ठेवून वाचायचं. मला विचाराल तर दहापैकी नऊ ओट्यांचं निदान या कागदावरच होतं, इंजिनीअर येण्याआधी. आर्द्रता कधी चढते ते कळलं की का चढते ते शोधायला सोपं जातं.

रात्री चढत असेल

हे सगळ्यात जास्त दिसतं. ऑपरेशनची लिस्ट संपली, साफसफाई झाली, बिल वाचवायला एएचयू बंद, आणि सकाळी सातला चालू. रात्रभर कॉरिडॉरची दमट हवा फटीफटीतून आत येते, थंड झालेल्या भिंतीवर, स्टीलच्या टेबलावर, डिफ्युझरच्या जाळीवर बसते. थंडगार लिंबू सोड्याच्या बाटलीला बाहेरून घाम फुटतो तेच. बाहेरच्या हवेचं दव पावसात पंचवीस अंशाच्या आसपासच पडायला लागतं आणि तुमची भिंत तर एकवीसला आहे, मग दुसरं काय होणार.

एनएबीएच म्हणतं की ब्लोअर (एएचयूचा पंखा) चोवीस तास चालू ठेवा म्हणजे पॉझिटिव्ह प्रेशर राहील, कूलिंग नसलं तरी चालेल, आणि काम नसताना व्हीएफडीने (पंख्याचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्राने) हवा २५ टक्क्यांपर्यंत कमी करा, प्रेशरचा तोल बिघडला नाही म्हणजे झालं. जिथं हवा कोरडी आहे तिथं हे छान आहे. पण आपल्याकडे जुलैत कूलिंग बंद करून नुसता ब्लोअर चालवला आणि फ्रेश एअरचा डॅम्पर (बाहेरच्या हवेची झडप) उघडाच राहिला तर तुम्ही रात्रभर ती पंचवीस अंशाला दव धरणारी हवा पंप करून थंड खोलीत भरताय! गाईडलाईन पाळली म्हणून समाधान आणि सकाळी सीलिंगवर थेंब. यातला "कूलिंग नसलं तरी चालेल" हा भाग गोव्यात जून ते ऑक्टोबर विसरून जा. ब्लोअर कमी वेगाने चालू ठेवा, कॉइलमध्ये थंड पाणी किंवा कॉम्प्रेसर चालूच राहू दे, तापमान हवं तर २४ ला लावा, पण आर्द्रता ६० च्या खाली राहिली पाहिजे हा कंट्रोल ठेवा. बिल वाढतं, खोटं कशाला सांगू. पण चार दिवस ओटी बंद राहिली तर किती केसेस पुढे जातात त्याचा हिशोब मालकांपुढे ठेवा, मग बोलणं सोपं जातं.

लाईट जाऊन आल्यावर चढत असेल

हे मला सगळ्यांनी नीट वाचावंसं वाटतं, कारण हे सापडत नाही. ओटीच्या एएचयूत कॉइलच्या पुढे इलेक्ट्रिक हीटर असतो. बऱ्याच जणांना वाटतं गोव्यात हीटर कशाला, कुणीतरी चुकून बसवला असेल. तो हिवाळ्यासाठी नाहीच. हवेतलं पाणी काढायचं तर ती खोलीला हवी त्याच्यापेक्षा जास्त थंड करावी लागते, अकरा-बारा अंशापर्यंत, तेव्हा पाणी निथळतं, आणि मग ती खोलीत सोडायच्या आधी थोडी गरम करायची. हीटर नसला किंवा बंद असला तर काय होतं की खोली पटकन २१ ला येते, थर्मोस्टॅट म्हणतो झालं काम, चिल्ड वॉटरचा व्हॉल्व्ह बंद, आणि कॉइलवर जे पाणी बसलेलं होतं तेच ब्लोअरच्या हवेने सुकून परत खोलीत येतं. तापमान अगदी बरोबर, आर्द्रता ७०.

आता पावसात आपल्याकडे लाईट किती वेळा जाते-येते सांगायला नको, झाडाची फांदी तारेवर पडली की गेली. लाईट जाते तेव्हा ब्लोअर थांबतो पण हीटर तापलेलाच असतो, हवा नाही म्हणून तिथली उष्णता वाढते आणि हीटरचा सेफ्टी कटआउट पडतो. हा कटआउट बहुतेक वेळा हाताने रीसेट करायचा असतो. जनरेटर येतो, ब्लोअर सुरू होतो, कूलिंग सुरू होतं, ओटी थंड होते, सगळे खूश. हीटर मात्र मेलेलाच, आणि थंडी लागत नसल्यामुळे कुणाला पत्ताच लागत नाही. दोन दिवस, दोन आठवडे, तसंच. लॉगरच्या ग्राफवर हे इतकं स्वच्छ दिसतं की लाईट गेल्याची वेळ आणि आर्द्रतेची चढण एका रेषेत येते. पॅनलवर हीटरचा अँपिअर बघायला सांगा, शून्य असेल तर हाच प्रकार. कटआउट रीसेट करून घ्या पण तेवढ्यावर सोडू नका, दर वेळी का पडतो ते बघायला लावा, ब्लोअर बंद होताना हीटर आधी बंद व्हावा आणि एएचयूचा पॅनल जनरेटरवर लगेच यावा असं वायरिंग करून घ्या. आणि एक, काही ठिकाणी मेंटेनन्सवाल्यांनीच वीज खातो म्हणून हीटरचा एमसीबी पाडून ठेवलेला असतो. तो माणूस वाईट नाही, त्याला बिल कमी करायला सांगितलेलं असतं, हीटर कशासाठी आहे ते सांगितलेलं नसतं.

लांब केसमध्ये चढत असेल

ऑर्थोची (हाडांच्या ऑपरेशनची) लिस्ट असली की हमखास. सरांना उकडतं आणि खरंच उकडतं, लेड ॲप्रन त्यावर गाऊन घालून दोन-दोन तास उभं राहायचं म्हणजे चेष्टा नाही, म्हणून सेटिंग १८ वर, कधी १७ वर. पण २१ अंशाला ६० टक्के असलेलीच हवा, पाणी तेवढंच ठेवून, नुसती १८ ला आणली तर ती ७२ टक्के होते. १८ अंशाला ६० टक्के ठेवायचं असेल तर कॉइलमधून निघणारी हवा दहा अंशापर्यंत खाली आली पाहिजे, आणि तुमच्या चिलरचं पाणी सात अंशाने येत असेल तर हे जेमतेम होतं, वीज वाचवायला ते नऊ-दहावर लावलं असेल तर होणारच नाही. जॉइंट रिप्लेसमेंटला गाईडलाईनप्रमाणे १८ च लागतं, दोन अंश इकडे-तिकडे, तेव्हा तिथं प्लांट तसा डिझाइन केलेला लागतो, साध्या एएचयूवर रिमोट खाली दाबून भागत नाही. सर्जनना हे एकदा शांतपणे ग्राफ दाखवून सांगितलं तर ऐकतात, माझा अनुभव चांगला आहे. दमट १८ पेक्षा कोरडं २०-२१ अंगाला जास्त बरं वाटतं, घाम सुकतो.

त्याच वेळी दार बघा. प्रेशर आत जास्त आणि बाहेर कमी, निदान २.५ पास्कल, असं असलं तर दाराच्या फटीतून हवा बाहेरच जाते. टिश्यूची पातळ पट्टी दाराच्या खालच्या फटीशी धरा, बाहेर उडाली पाहिजे. आत ओढली गेली तर कॉरिडॉरची सगळी ओल तुमच्याकडे येतेय. कारणं: हेपा (बारीक कण अडवणारा फिल्टर) चोक झालाय, प्री-फिल्टर धुतलेला नाही, ब्लोअरचा बेल्ट सैल आहे, नाहीतर दार सतत उघडं. धागा आणायला, सीआर्मचं एक्स-रे मशीन आणायला, फोन द्यायला, नुसतं डोकावायला. शेजारी ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं मशीन) असेल आणि त्याची वाफ कॉरिडॉरमध्ये सुटत असेल तर तिथं वेगळा एक्झॉस्ट लावून घेतल्याशिवाय काही होणार नाही.

मुसळधार पडला की चढत असेल

मग गच्चीवरच जा. फ्रेश एअरचा लूव्हर (बाहेरची हवा घेणारी पट्ट्यांची जाळी) कुठल्या दिशेला आहे बघा, आपल्याकडे जून-जुलैचा पाऊस नैर्ऋत्येकडून तिरका मारतो, लूव्हर त्या बाजूला असेल आणि वर छज्जा नसेल तर पावसाचं पाणी थेट फिल्टरवर येतं. ओला प्री-फिल्टर म्हणजे बुरशीचं शेतच. मग ट्रे. ड्रेन ट्रेला उतार पाहिजे, पाणी उभं राहता कामा नये, आणि पाइपला यू ट्रॅप (पाणी भरून राहणारं यू आकाराचं वळण) पाहिजे. ब्लोअर कॉइलच्या नंतर असतो, म्हणून ट्रेच्या जागी हवा आत ओढली जात असते. ट्रॅप नसला किंवा उथळ असला तर पाइपमधून हवा वर ओढली जाते आणि पाणी खाली उतरतच नाही, ट्रे भरून वाहतो, थेंब हवेबरोबर पुढे डक्टमध्ये जातात. आणि एप्रिल-मेमध्ये ट्रॅप सुकलेला असतो, त्यात पाणी ओतून ठेवायचं हे कुणाच्या लक्षात येत नाही. ट्रेमधला बुळबुळीत थर घासून काढा, कॉइल धुवून घ्या, एएचयूचं दार उघडून टॉर्चने आतलं इन्सुलेशन बघा. काळे ठिपके दिसले तर ते इन्सुलेशन काढायचं, त्यावर काही फवारून उपयोग नाही. समुद्राच्या जवळची हॉस्पिटलं असतील, कळंगुटकडे, कोलव्याकडे, वास्कोला, तर बाहेरच्या युनिटचे फिन खाऱ्या हवेने खाल्लेले असतात, हाताने भुगा होतो, तिथं मशीनची ताकदच कमी झालेली असते आणि पावसात ते पुरं पडत नाही. बदलताना कोटिंगवाली कॉइलच मागा.

ज्यांचं बजेट आहे त्यांना माझं सांगणं आहे की बाहेरची हवा एएचयूत शिरायच्या आधीच कोरडी करणारं वेगळं युनिट लावा. गोव्यातल्या पावसाला कायमचा इलाज तोच. ओटीच्या आत घरगुती डीह्युमिडिफायर मात्र आणून ठेवू नका, त्याचा पंखा आणि पाण्याची बादली आत कशाला. आणि जिथं अजून स्प्लिट एसीवर मेजर केसेस चालतात तिथं वरचं निम्मं लागूच होत नाही. स्प्लिट तीच तीच हवा फिरवतो, ताजी हवा नाही, हेपा नाही, प्रेशर नाही, आणि आतल्या ट्रेमध्ये बुरशीला कायमची जागा. एनएबीएच ओटीत स्प्लिट आणि विंडो दोन्हीला नाही म्हणतं ते याच कारणासाठी. तिथं दुरुस्ती म्हणजे स्प्लिट काढणं.

एकाच कोपऱ्यात येत असेल

लॉगर सगळा आठवडा ५० दाखवतोय, आणि तरी एकाच भिंतीशी, एकाच सीलिंग टाइलखाली ग्रोथ. हे हवेचं काम नाही, हे बांधकामाचं. आपल्याकडे जुन्या इमारती चिऱ्याच्या, चिरा पाणी पितो आणि धरून ठेवतो, बाहेरचा गिलावा तडकला की आतल्या इपॉक्सी पेंटखाली फुगे येतात. वर बाथरूम आहे का, गच्चीचा पाइप सीलिंगमधून जातो का, चिल्ड वॉटरच्या पाइपचं इन्सुलेशन कुठं फाटलंय का बघा. ते फाटलेलं असलं तर तिथूनच थेंब पडतो आणि सगळे गच्ची गळते म्हणून डांबर ओतत बसतात. भिजलेली जिप्समची टाइल ७२ तासांत सुकली नाही तर काढून टाकायची. पुसून, रंगवून ठेवायची नाही. रंगाखाली ती वाढतच राहते.

फॉगिंगबद्दल

आता ज्यावरून सगळं सुरू झालं ते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सिल्व्हरचं फॉगिंग म्हणजे पाण्यातलंच द्रावण हवेत सोडणं. त्यासाठी एएचयू बंद करतात, दारं सील करतात, रात्रभर तसंच. म्हणजे ओलीची तक्रार असलेल्या खोलीत आणखी पाणी सोडायचं आणि पाणी काढणारं एकमेव यंत्र बंद करायचं! एखाद्या वेळेला, बांधकामानंतर वगैरे, समजू शकते. पण दर शनिवारी करणं पावसात उलटं पडतं. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २००८ च्या डिसइन्फेक्शन गाईडलाईनमध्ये रुग्णांच्या जागी रोजचं म्हणून फॉगिंग करू नका असं स्पष्ट म्हटलंय, नंतर त्यांनी खुलासा केला की ते फॉर्मल्डिहाइडसारख्या जुन्या केमिकलच्या फॉगिंगबद्दल आहे, पेरॉक्साइडच्या वाफेसारख्या नव्या पद्धतींना लागू नाही. करायचंच असेल तर वेळ संपल्याबरोबर एएचयू पूर्ण वेगाने चालू करा, सकाळपर्यंत थांबू नका. फॉर्मालिन आणि पोटॅशियम परमँगनेट अजून कुठं चालू असेल तर हात जोडून सांगते बंद करा, आयएआरसी या डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच फॉर्मल्डिहाइडला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांमध्ये धरलंय, आणि तो वास घेणाऱ्या आपल्याच मावशी आणि मामा असतात.

बुरशी दिसतेय तिथं खरं काम हातानेच होतं. आधी एएचयू बंद, नाहीतर पुसताना उडालेले स्पोअर सगळीकडे जातील, एन-९५ आणि ग्लोव्हज घाला, कोरडं खरवडायचं नाही, डिटर्जंटच्या ओल्या कपड्याने पुसायचं, कपडा टाकून द्यायचा, मग हायपोक्लोराइट, वेळ पूर्ण होईपर्यंत ओलं राहू द्यायचं, मग साध्या पाण्याने पुसून कोरडं करायचं, कारण स्टील खाल्लं जातं. नुसत्या स्पिरिटने पुसून भागत नाही, सगळे स्पोअर मरतातच असं नाही. आणि मॉपिंग झाल्यावर फरशीवर पाणी उभं ठेवून दार लावून जायचं नाही, हे छोटं वाटतं पण ग्राफवर रोज दुपारी एक टेकडी दिसते ती याचीच.

हेपाचं काय असं विचारतात. हेपा ०.३ मायक्रॉनचा कण ९९.९७ टक्के अडवतो आणि ॲस्परजिलसचा स्पोअर २ ते ३.५ मायक्रॉनचा असतो, म्हणजे चांगल्या हेपामधून तो येणं अवघडच. आला असेल तर हेपाच्या कडेच्या गॅस्केटमधून आला, दारातून आला, किंवा हेपाच्या पलीकडे खोलीतच वाढला. म्हणून फंगस आला की लगेच हेपा बदला असं सांगणाऱ्या सेल्समनला आधी लीक टेस्टचा रिपोर्ट मागा. तो हेपा भिजलेला असेल तर मात्र वाद न घालता बदला. लॅमिनार (एका दिशेने सरळ हवा सोडणारी यंत्रणा) लावा सगळं सुटेल असंही कुणी सांगेल. डब्ल्यूएचओच्या २०१६ च्या सर्जिकल साइट इन्फेक्शनच्या गाईडलाईन्स तर जॉइंट रिप्लेसमेंटमध्येही इन्फेक्शन कमी करायला म्हणून लॅमिनार वापरू नका असं सुचवतात. आपला प्रश्न ओलीचा आहे, पैसे तिकडे घाला.

परत उघडायची कधी

इथं खूप घाई होते, समजतं मला, दोनच ओट्या असलेल्या ठिकाणी एक बंद म्हणजे सीझर कुठं घ्यायचे हा प्रश्न असतो. तरी जिथं डोळ्यांच्या आणि इम्प्लांटच्या केसेस होतात ती ओटी आधी नीट करा, आणि तोपर्यंत त्या केसेस दुसरीकडे पाठवा नाहीतर पुढे ढकला, पेशंटला खरं कारण सांगून. दुरुस्ती झाली की एएचयू सलग चालवा, लॉगर ठेवा, निदान दोन दिवस-रात्र ६० च्या खाली राहिला पाहिजे, त्यात एकदा तरी मुद्दाम लाईट बंद करून जनरेटरवर घ्या आणि हीटर परत लागतो का ते डोळ्यांनी बघा. मग प्लेट्स लावा. रुटीन म्हणून दर आठवड्याला कुठेही स्वॅब फिरवण्यात अर्थ नाही, पण असं काही घडल्यानंतर नक्की काय शोधायचंय ते ठरवून प्लेट्स लावणं बरोबर आहे. लॅबला सांगा की सॅबुरोवरच (बुरशी वाढवायच्या माध्यमावरच) लावा आणि ५ ते ७ दिवस ठेवा. अठ्ठेचाळीस तासांनी जो "नो ग्रोथ" चा रिपोर्ट हातात येतो तो बॅक्टेरियाचा असतो, बुरशी तेवढ्यात उगवून दिसतेच असं नाही, आणि त्याच कागदावर सही करून लिस्ट लावली जाते. तुमच्याकडे सही तुमची असेल तर सातव्या दिवसाचा रिपोर्ट येईपर्यंत करू नका, आणि मॅनेजमेंटने विचारलं तर लॉगरचा ग्राफ पुढे ठेवा.